ढबूची नवी आवृत्ती

“सर, पहिल्या पानावरची ढबू तेवढी जरा बारीक करून द्याल का?” संपादक मुलीनं फोनवर विचारलं, आणि चित्रकाराच्या तोंडून निघून गेलं, “किती?” शिंप्यानं विचारावं तसं. आपण असं का विचारलं ते त्याचं त्यालाच कळेना. ती हसली. म्हणाली, “किती असं काही नाही हो सर. फक्त अशी अंगावर येऊ नये. हल्ली जाड मुलांची गंमत केलेली चालत नाही. पालक लांबलचक पत्रं पाठवतात. मजकूर आम्ही बदललाय. आता ती बारीक होत नाही, भाज्या खाते आणि तिला ताकद येते, एवढंच. शेवटचं पान आहे तसंच ठेवायचंय, ते इतकं गोड आहे! शुक्रवारपर्यंत जमेल ना? आणि संदर्भाला फोटो हवे असतील तर पाठवते. लहान मुलींचे पुष्कळ आहेत माझ्याकडे.” “फोटो नकोत,” तो म्हणाला. “शुक्रवारपर्यंत देतो.” फोन ठेवल्यावर तो खिडकीशी गेला. काचेवर बाहेरून धूळ बसली होती. ती आतून पुसली जात नाही हे माहीत असूनही त्यानं बोटानं एकदा पुसून पाहिली.

तिसऱ्या मजल्यावरच्या घराची बाल्कनी काचा लावून बंद केली होती, तीच त्याची कामाची खोली. एक लांबट टेबल, दोन स्टुलं, ब्रशांचे डबे, आणि भिंतीपलीकडे मुलीची खोली. भिंत पातळ होती. मुलगी खोलीत फेऱ्या मारायची ते त्याला इकडे ऐकू यायचं. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. मऊ चपला, फरशी, मध्येच एक सैल फरशी, तिच्यावर पाय पडला की खट्ट. डॉक्टरांनी फेऱ्या मारू द्यायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं. पहिले काही दिवस बायको जाऊन दारात उभी राहायची, मग मुलगी पलंगावर बसायची आणि बसल्या बसल्या पाय हलवायची. पुढं बायकोही थकली. आता खट्ट झालं की तो ब्रश थांबवायचा आणि पुढच्या खट्टची वाट बघायचा. ते आलं की काळजी वाटायची, नाही आलं की त्याहून जास्त.

‘ढबूचं ताट’ त्यानं काढलं त्याला आता चौदा वर्षं झाली होती. मजकूर एका आहारतज्ज्ञ बाईंचा होता. ढबूला केक आवडतो, ढबूला गोळ्या आवडतात, मग तिच्या ताटात एकेक भाजी चालत येते, तिच्याशी बोलते, आणि शेवटच्या पानावर ढबू सगळ्यांच्या पुढं धावत असते. प्रकाशक म्हणजे त्याचा जुना मित्र, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसायचा. हसला की सबंध खुर्ची हलायची. तो म्हणाला होता, “मजकूर जेवणानंतरच्या गोळीसारखा आहे. तू जरा जीव ओत. मुलांना हसू आलं पाहिजे.” चित्रकाराला आठवडाभर काही सुचलं नाही. मग एका संध्याकाळी तो मुलीला घेऊन बागेत गेला. ती तेव्हा सहा वर्षांची, गुबगुबीत, लाल स्वेटरातली. जन्मली तेव्हाच ती ढबू मिरचीसारखी दिसत होती असं त्याची बहीण म्हणाली होती आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. घसरगुंडी अरुंद होती. ढबू मध्यावर अडकली. मागं पोरांची रांग, कोणी ओरडतंय, कोणी ढकलतंय. आणि तिनं दोन्ही हात पसरून, एखाद्या पुढाऱ्यासारखं, खाली उभ्या असलेल्या बापाला जाहीर केलं, “बाबा, मी बूच बसलेय!” आणि स्वतःच इतकी हसली, की त्या हसण्यानं हलून सुटली आणि थेट त्याच्या पायाशी आली. तो घरी येईपर्यंत थांबला नाही. बाकावर बसून पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यानं ते काढलं. गाल, पसरलेले हात, वर सरकलेला स्वेटर, त्याखालून दिसणारं पोट. त्या दिवसाइतकं सोपं काम पुढं त्याला कधी गेलं नाही.

प्रकाशक ते पाहून खूष झाला आणि म्हणाला, “अजून जरा फुगव. शेवटी बारीक झालेली दिसायला नको का?” मग चित्रकारानं तिला फुगवली. हनुवटीखाली एक रेघ दिली, मनगटावर दुसरी. मुलीच्या मनगटाला तशी रेघ नव्हती. शेवटच्या पानावरची ढबू मात्र त्यानं कुठंच पाहिलेली नव्हती. ती त्यानं नुसती मनानं काढली. काड्यांसारखे पाय, उडणारे केस, वाऱ्यानं मागं गेलेला झगा. पाय तसे काढले की वेग येतो, एवढाच विचार होता. एका दुपारीत झालं ते पान.

पुस्तक खूप गेलं. शाळाशाळांतून गेलं, तिच्या शाळेतही गेलं. बाईंनी तिला वर्गापुढं उभं करून सांगितलं, “ही आपली ढबू.” ती नाचत घरी आली. दुकानात तो सह्या करायला बसायचा तेव्हा शेजारी खुर्चीवर उभी राहून तीही वाकड्या अक्षरात सही करायची. एकदा एका मुलानं पुस्तक बघून, तिच्याकडं बघून, आईला मोठ्यानं विचारलं होतं, “ही अजून पहिल्याच पानावर आहे?” सगळे हसले होते. तोही हसला होता. मुलगा हुशार आहे, असं म्हणालासुद्धा होता. त्यानंतर किती दिवसांनी ते आठवत नाही, पण ती तिसरीत असावी, तो नळाखाली ब्रश धूत होता आणि ती दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी होती. तिनं विचारलं, “बाबा, मी शेवटच्या पानावर कधी जाणार?” आणि तो ब्रशातून निघणारा हिरवा रंग बघत म्हणाला, “भाज्या खाल्ल्यास की.” पाणी स्वच्छ होईपर्यंत ती तिथंच उभी होती का, की आधीच गेली, हे त्याला हजारदा आठवून बघूनही आठवत नव्हतं.

ती खरंच भाज्या खायला लागली. चौदाव्या वर्षी तिनं गोड सोडलं, मग पाव सोडला, आणि घरात कौतुक झालं. बहीण आली की दारातूनच म्हणायची, “अगं बाई, काय छान सुटसुटीत झालीस गं!” बायको सकाळच्या शाळेत शिक्षिका, ती आपल्या वर्गातल्या मुलांना लेकीचं उदाहरण द्यायची. मग एक दिवस बायकोला न्हाणीघराच्या दारातून मुलीची पाठ दिसली. बायको त्याच्याकडं आली आणि टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली. तिथून पुढं दवाखाने, कॉलेज सुटणं, दोनदा वॉर्ड. वजनकाट्यावर तिला पाठमोरी उभी करायचे, आकडा तिला दिसू नये म्हणून. आकडा बापाला दिसायचा. डॉक्टर बाई शांत होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, “घरात कधी कोणी हिच्या खाण्यावरून, अंगावरून काही बोलायचं का?” नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं आणि दोघंही म्हणाले, “नाही, तसं काही नाही.” बाहेर बसायच्या जागी लहान मुलांसाठी पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यात ‘ढबूचं ताट’ होतं. कोपरे झिजलेलं, खूप वाचलेलं. बायको औषधं घ्यायला गेली तेवढ्यात त्यानं ते काढून कपाटाच्या मागं टाकलं, आणि एवढं करून पुन्हा खुर्चीवर येऊन बसला तेव्हा त्याला धाप लागली होती.

दोन महिन्यांपूर्वी ती घरी आली होती. आता वीस वर्षांची होती. डॉक्टर बाईंनी नियम लिहून दिले होते, ते फ्रिजवर चिकटवलेले होते. त्यातला सगळ्यात मोठा दुपारच्या जेवणाचा. एक वाजता तिघांनी टेबलाशी बसायचं, अर्धा तास, ताटातलं संपवायचं, त्या वेळात दुसरं काही नाही. एकदा सूट दिलीत की आजार ती सूट पकडून ठेवतो, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून रोज एक वाजता ते बसायचे. उकडलेला बटाटा, अंडं, सूप, लोणी लावलेला पाव. ती बटाट्याकडं अशी बघायची, की तोही बटाट्याकडं बघायला लागायचा. बायको उगाच शाळेतल्या गमती सांगायची. अर्धा तास व्हायचा, पाऊण व्हायचा, कधी ताट संपायचं, कधी मुलगी रडायची, आवाज न करता, चमचा हातात तसाच धरून. त्याच्याशी ती बोलेनाशी झाली होती. राग नव्हता. रागावली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. “हो.” “नको.” “ठेव तिथं.” एवढ्यावर दिवस जायचा. एके काळी ती शाळेतून आली की दप्तर टाकून या दुसऱ्या स्टुलावर चढायची आणि त्याच्या चित्रांतल्या चुका काढायची. “बाबा, सावली उलटी पडलीय.” “बाबा, या गाजराला मान आहे.” तिची नजर त्याच्यापेक्षा चांगली होती. हे तो लोकांना सांगायचा. तिला सांगितलं होतं का कधी?

त्यानं खालच्या खणातून मूळ चित्र काढलं. कागद पिवळा पडला होता, लाल मात्र अजून लाल होता. त्यावर पातळ कागद ठेवून तो नवी ढबू काढायला लागला. पोटाची रेघ थोडी आत, गालाची थोडी आत. वर धरून बघितलं. ही सात-आठ वर्षांची ढबू झाली होती, पहिला दात पडला तेव्हाची. तो दुसरा कागद घेऊन आणखी आत गेला. आता ती दहाची होती. ती बसायची तेव्हा अशीच, मान एका बाजूला टाकून. हे हातही असेच. तो रेघ आत घ्यायचा आणि प्रत्येक रेघेला एक एक वर्ष सरायचं. आणखी दोनदा रेघ आत घेतली तर कोण दिसेल हे त्याला माहीत होतं. ती भिंतीपलीकडं फेऱ्या मारत होती. त्यानं दहाच्या ढबूवर पेन्सिल थांबवली. इथं थांबायला हवं होतं, असं त्याला वाटलं. चित्रात थांबता येतं. पण चित्र काही जमलं नव्हतं. हात कुठल्या तरी दुसऱ्याच मुलीचे वाटत होते.

खट्ट झालं नाही. बराच वेळ झालं नाही. मग चपलांचा आवाज दारापाशी आला. त्यानं वर पाहिलं नाही. खिडकीत पाखरू येऊन बसलं की माणूस जसा श्वास धरतो तसा तो बसला. ती दारात उभी होती. उन्हं तापली होती तरी अंगात दोन स्वेटर.

“काय करतोयस, बाबा?”

दोन महिन्यांतलं हे तिचं पहिलं सबंध वाक्य. “पहिलं पान,” तो म्हणाला. “नवी आवृत्ती काढतायत. जरा बदल हवाय त्यांना.”

ती आत आली. स्टूल ओढून शेजारी बसली. कागदाकडं बघितलं. “हात चुकलाय,” ती म्हणाली.

“कुठं?”

“हा काय. मनगट असं वळत नाही. दे.” त्याच्या बोटांतून तिनं पेन्सिल काढून घेतली. तिची बोटं गार होती आणि नखं निळसर. मनगटावर बारीक लव आली होती, पिलाच्या अंगावर असते तशी. तिनं हात दुरुस्त केला. बरोबर केला. दोन रेघांत. त्याच्या दंडाला तिचा खांदा लागला होता, दोन स्वेटरांतूनही टोचत होता, आणि तो हलला नाही.

“तुला आठवतं?” त्यानं भीत भीत विचारलं. “घसरगुंडीवर अडकली होतीस. बूच बसलेय म्हणालीस.”

“मला नाही आठवत,” ती म्हणाली. “तूच सांगायचास सगळ्यांना.” आणि मग थोडं हसली. नाकातून, पूर्वीसारखी. “पुढाऱ्यासारखे हात पसरले होते म्हणे.”

“हो ना! मागं ही एवढी रांग. एक पोरगा तर रडायलाच लागला.”

“बिचारा,” ती म्हणाली आणि पुन्हा हसली. हसता हसता तिनं गालाची रेघ खोडली आणि आतून काढली. ती चांगली दिसली. मग हनुवटी. मग म्हणाली, “इथं झगा फुगतोय,” आणि पोट खोडलं. चित्रकार बघत होता. दहाची ढबू बाराची झाली. डॉक्टर बाईंनी अंगाविषयी बोलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते बोलत नव्हतेच, ते मनगटाविषयी, झग्याविषयी बोलत होते. आता थांबवावं, त्याला वाटलं. ही पुढची रेघ झाली की थांबवू. पण तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. काम लागलं की लहानपणी यायची तशी. ते त्यानं किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

“चला, जेवायला,” बायको दारात येऊन म्हणाली, आणि दोघांना तसं बघून तिथंच थांबली. ओले हात पुसायला तिनं पदराकडं नेले होते, ते पुसायचे राहिले. मुलगी मान वर न करता म्हणाली, “आई, पाचच मिनिटं. बाबांचं अर्जंट आहे.” आणि तिनं बापाकडं पाहिलं.

ती नजर त्याला कळली. नाही असं नाही. त्याच्या समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात एक वाजला होता. मुलगी त्याच्या पाच मिनिटं आधी आली होती. बारा पंचावन्नला. इतक्या दिवसांत नेमकी आज, नेमकी तेव्हा. सगळं एका क्षणात त्याच्या पुढ्यात आलं, आणि त्याच क्षणात त्याला हेही कळलं, की आपण नाही म्हटलं तर हा खांदा दंडापासून दूर होईल आणि मग चार शब्दांवर दिवस जायला लागतील.

“हो,” तो म्हणाला. “आजच पाठवायचंय.”

“बरं,” बायको म्हणाली. तिचा आवाज इतका हळू आणि इतका आनंदी होता, की त्याला तिच्याकडं बघवलं नाही. “बसा तुम्ही. मी झाकून ठेवते.”

दीडला बायको पुन्हा आली. दारापर्यंत आली आणि परत गेली. मुलीनं चित्रातल्या ढबूचे पाय काढले, त्यावर मोजे काढले, घसरगुंडीची कड सरळ केली. दोनला चित्र संपलं. संपलेल्या चित्रातली मुलगी घसरगुंडीवर अडकलेली नव्हती, नुसती बसली होती. घसरगुंडी तिच्या मानानं ऐसपैस होती. खाली उतरायला तिला कोणाची गरज नव्हती आणि मागं रांग कशाला होती तेही कळत नव्हतं. “झालं,” मुलगी म्हणाली. तिनं हाताला लागलेला पेन्सिलीचा डाग स्वेटरला पुसला. “मी नंतर खाते हं,” असं वाटेत आईला सांगून ती खोलीत गेली. थोड्या वेळानं खट्ट झालं.

त्यानं रंग भरले आणि चार वाजता चित्र पाठवून दिलं. दहा मिनिटांत संपादक मुलीचा फोन. “सर, कमाल! एवढ्या लवकर! आणि किती हलकी झालीय हो. आता ती कोणाचीही मुलगी वाटते.” तो म्हणाला, “हो.” ती म्हणाली, “आमच्याकडं सगळ्यांना खूप आवडली.” तो पुन्हा म्हणाला, “हो.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात बायको ओट्याशी उभी होती. ताटातला बटाटा तिनं तसाच डब्यात भरून ठेवला. “किती दिवसांनी हसताना ऐकलं रे तिला,” ती म्हणाली.

“खाल्लं का तिनं नंतर?”

“थोडं दूध घेतलं.” मग, त्याच्याकडं पाठ करून, “घेतलं म्हणजे, कप खोलीत नेला.”

“डॉक्टर बाईंना फोन करूया?”

बायकोनं डब्याचं झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबलं. “एका दिवसानं काय होतंय?” ती म्हणाली. “आणि सांगायचं काय? बापाजवळ बसली, चित्र काढलं, हसली, असं सांगायचं?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती रागावलेली होती, कोणावर ते तिलाही ठाऊक नसावं. फ्रिजवरचा नियमांचा कागद एका कोपऱ्यातून सुटला होता. तो त्यानं अंगठ्यानं दाबून बसवला. हात काढला की तो परत सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याला काहीच काम नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच टेबल मोकळं होतं. त्यानं ब्रश धुतले, डबे पुसले, पेन्सिलींना टोकं केली. साडेबाराला त्यानं एक कोरा कागद घेतला आणि त्यावर पुन्हा ढबू काढायला बसला. कोणी मागितली नव्हती. शेवटच्या पानावरची, धावणारी. ती त्याला झोपेतही काढता आली असती. पण त्यानं पाय जाड काढले. पोटऱ्या मुद्दाम वाकड्या काढल्या, गुडघा भलतीकडं वळवला, आणि इतकं वाईट चित्र काढायला त्याला चांगलीच मेहनत पडली. मग त्यानं दुसरं स्टूल पुढं ओढून ठेवलं आणि बसून राहिला.

भिंतीपलीकडच्या फेऱ्या थांबल्या. चपला दारापाशी आल्या. त्यानं पेन्सिल उचलून तिच्या बाजूला ठेवली. स्वयंपाकघरातून ताटांवर झाकणं पालथी घातल्याचा आवाज आला, एक, मग दुसरं, मग तिसरं. जेवायला चला म्हणून हाक अजून कोणी मारलेलीच नव्हती.